मी फेकलेला नालोक्झोन

मुलीच्या दप्तरातला नालोक्झोनचा किट मी कचऱ्यात फेकून दिला.

सकाळी तिच्या दप्तरात डबा भरणं हे माझं खातं. त्या दिवशी आत झिपवाली काळी पिशवी सापडली. तिच्यात हातमोजे आणि नाकात मारायचे दोन स्प्रे. माझा तपास तिथंच पूर्ण झाला. कॅनडात सगळ्यावर असतो तसा पिशवीवर इंग्रजी आणि फ्रेंच, दोन्हींत मजकूर होता. एरवी मी कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावरचं फ्रेंचसुद्धा वाचत बसतो, तेवढं हे वाचलं नाही. कचऱ्याची गाडी दारात होती. स्लीपरवर बर्फातून धावलो आणि पिशवी तिच्या पोटात भिरकावली.

आमची कन्या अंघोळीहून आली आणि दप्तर न बघताच शाळेला गेली. मी वर्क फ्रॉम होम. काम सोडून तिच्या जिवलग मैत्रिणीच्या वडिलांना फोन लावला. हे गृहस्थ नागपूरचे, दोन गल्ल्या पलीकडे राहतात, महाराष्ट्र मंडळात माझ्याशी कायम वाद घालतात. म्हटलं, "आमच्याकडे ड्रग्जचं सामान सापडलंय. तुमच्या मुलीवरही लक्ष ठेवा."

"मले वाटतच होतं," ते म्हणाले. "तुमच्या पोरीनंच नादी लावलं असन." फोन आपटला.

दुपारी कन्या बूट न काढता आत आली.

"माझा किट कुठाय?"

"ड्रग्ज म्हण."

"ओ माय गॉड! ओव्हरडोस झाला तर माणूस वाचवायचा स्प्रे आहे तो. फार्मसीत फ्री मिळतो. आणि 'ड्रग्ज' फक्त पेरेंट्स म्हणतात."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"ज्याचं जे नाव असेल ते. नावं दर महिन्याला बदलतात. आत काय असतं, विकणाऱ्यालाही माहीत नसतं."

हळूहळू कळलं ते असं. मैत्रीण झोप येत नाही म्हणून फोनवरून कुणाकुणाकडून गोळ्या मागवायची. आमच्या मुलीला ते मूर्खपणाचं वाटायचं, भांडणंही झाली. शेवटी मुलीने एकच अट घातली: 'घ्यायचीच असेल तर माझ्यासमोर घे.' म्हणून तो किट. आज मैत्रिणीच्या बाबांनी तिला वर्गातून उचलून घरी नेलं, फोन काढून घेतला.

"म्हणजे आता ती एकटी आहे," मुलगी म्हणाली. "आणि हे तू केलंस."

तडक मैत्रिणीच्या घरी निघालो, वाटेत फार्मसीतून नवा किट घेतला.

दार त्या गृहस्थांनीच उघडलं आणि लगेच लोटायला लागले. "हिला आत घेणार नाही."

"काका, फक्त बघा ना खाली ती कशी आहे!"

"झोपली हाये. तमाशा नको."

मी आयुष्यात कुणाला ढकललेलं नव्हतं. यांना ढकलायची इच्छा मात्र जुनीच होती, ती पुरी केली. त्या फटीतून मुलगी बेसमेंटकडे पळाली. मी मागे, बर्फाने भरलेले बूट घालून त्यांच्या पांढऱ्या कार्पेटवरून. त्यांची बायको ओरडली, "अहो, बूट!"

मैत्रीण पलंगावर आडवी होती. हाका मारल्या, उत्तर नाही. उशाशी गोळीचा अर्धा तुकडा. मुलीने आधी गाल तिच्या तोंडाजवळ नेला, मग छातीच्या हाडावर बोटांचे सांधे जोरात घासले. मैत्रिणीने डोळे किलकिले केले आणि इंग्रजीत एक सणसणीत शिवी दिली. इतकी गोड शिवी मी कॅनडात ऐकलेली नाही.

"श्वास चालूय. काकू, नाइन-वन-वन लावा. काका, हिला झोपू देऊ नका." सगळ्यांना कामं मिळाली. मला म्हणाली, "तू कशाला हात लावू नकोस."

अँब्युलन्सवाल्यांनी मैत्रिणीला तपासायला नेलं, तिची आई बरोबर गेली. निघण्याआधी आमच्या मुलीने स्प्रे कसा मारायचा ते काकूंना दाखवलं आणि किट त्यांच्या पर्समध्ये कोंबला.

गृहस्थ दारात उभे होते. चेहरा पडला होता. मला वाटलं, हा माणूस आता माझा हात हातात घेणार. मी हात पुढेही केला.

"पोरीला रोज पाठवत जा," ते म्हणाले. "तुम्ही नका येऊ."