व्याह्यांच्या देहाचा सौदा

आमच्या व्याह्यांना माणसाची कातडी दिसतच नाही. बाकी जगाला समोरच्याचं नाक, रंग, कपडे दिसतात. यांची नजर थेट आत शिरते आणि हाडांवर जाऊन थांबते. डिंगोऱ्याच्या एसटी थांब्यावर उभे असले की येणाऱ्या माणसाला ते चेहऱ्यावरून ओळखत नाहीत. "तो आला बघा, उजव्या खुब्याचा," म्हणतात, आणि खरंच कोणीतरी उजवा पाय ओढत येत असतो. त्याचं नाव विचारा, आठवणार नाही. हायस्कुलात आयुष्यभर विज्ञान शिकवलं, निवृत्त झाले, तरी दर रविवारी नर्सिंगच्या पोरी त्यांच्या ओसरीवर शरीरशास्त्र शिकायला येतात, थेट घाटघरापासून येतात. तेव्हा सर जुना बनियन घालून खुर्चीत ताठ बसतात आणि निळ्या पेनानं त्या बनियनवर यकृत, जठर, आतडी जिथल्या तिथं काढून दाखवतात. विहीणबाई एकदा मला म्हणाल्या, "पावणं, ह्यांचं मोठं आतडं तीन वेळा धुतलं, निघत न्हाई. वाळत घातलं की अख्खी आळी बघती."

माझी त्यांच्याशी गाठ पडली ती मुलीच्या लग्नाच्या बोलणीत. मी बैलांचा व्यापारी, दुसऱ्यांच्या बैलांची दलालीही करतो. पारगावच्या कारखान्यावर ऊस ओढणाऱ्या कितीतरी गाड्यांना माझ्या हातचे बैल आहेत. शाळा सातवीत सुटली. जे कमावलं ते जिभेच्या आणि बोटांच्या जोरावर. आमच्यात भाव तोंडानं बोलत नाहीत, उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. लग्नाचा खर्च कोणी किती उचलायचा, हे चार लोकांसमोर कशाला, म्हणून मी सवयीनं उपरणं टाकलं आणि त्यांचा हात धरला. घरून पक्का हिशेब करून गेलो होतो. मी पहिलं बोट दाबायच्या आत तेच माझी बोटं चाचपायला लागले. एकेक पेर, मग मनगटातली बारकी हाडं. सगळी बैठक श्वास रोखून बसलेली. आणि हे मोठ्यानं म्हणाले, "पाहुणे, हे मधलं बोट कधीतरी मोडलेलं आहे. वाकडं सांधलंय." खरं होतं, बैलानं गोठ्याच्या खांबाशी दाबलं होतं. पण मी इतका गडबडलो की सगळा हिशेब डोक्यातून उडाला, आणि ते शांतपणे म्हणाले, "खर्च निम्मा निम्मा. चालेल?" मी ज्यावर तासभर घासाघीस करून येणार होतो, तेच त्यांनी फुकट देऊन टाकलं. माझ्या तोंडचा सौदा काढून घेतला या माणसानं. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

जाणार कसा? ते भांडूच देत नाहीत. मी तापट आहे, हे आंबेगाव तालुक्याला माहीत आहे. पण यांच्यावर आवाज चढवला की हे माझं मनगट धरतात, घड्याळाकडे बघत नाडी मोजतात आणि म्हणतात, "बोला, बोला, थांबू नका." नाडी मोजणाऱ्या माणसाला शिवी कशी द्यायची? माझ्या रागाचंही कारण त्यांनी भर लग्नात पंगतीला सांगितलं: मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन ग्रंथी टोपीसारख्या बसलेल्या असतात, त्यातून रस सुटला की माणूस लढायला उठतो. "आमच्या पाहुण्यांच्या टोप्या जरा मोठ्या असाव्यात." तेव्हापासून माझे भाचे मला 'टोपीवाले मामा' म्हणतात. त्याच पंगतीत, घास गिळताना श्वासनलिकेवर झाकण पडतं म्हणून जेवताना बोलू नये, असं बोलता बोलता यांनाच ठसका लागला. पाठ मी थोपटली. जरा जोरातच थोपटली. आणि माझा वीस फुटी नवाकोरा कासरा! लहान आतडं एवढं लांब असतं हे पोरींना दाखवायला म्हणून नेला, अंगणभर पसरला, मग वेटोळी करून पाटीत कोंबला. परत मागितला तर म्हणाले, "अहो, आता तो अवयव झाला."

असा हा माणूस मागच्या दिवाळीनंतर माझ्याकडे आला आणि पहिल्यांदाच खाली मान घालून बसला. म्हणाला, "पाहुणे, मला देहदान करायचंय. पुण्याच्या मेडिकल कॉलेजला. मुलं शिकतील."

मी म्हणालो, "हे काय खूळ काढलं, सर?"

"खूळ नाही. शाळेच्या कपाटात प्लास्टिकचा एक धडधाकट गडी होता, त्यावर शिकवलं. त्याची मूत्रपिंडं पोरांनी हरवली, तिथं मी घेवड्याचे दाणे चिकटवले. खरा माणूस आतून मी कधी पाहिलाच नाही. आयुष्यभर न पाहिलेल्या गावाचा रस्ता सांगत आलो. निदान शेवटी तरी तिथं जाऊ द्या."

अडचण होती त्यांच्या थोरल्या भावाची. बाप लहानपणी गेलेला, दादांनीच यांना वाढवलेलं. दादा नको म्हणाले होते, आणि दादांच्या इच्छेविरुद्ध हे जाणार नव्हते. "तुम्ही बोला. मला घासाघीस जमत नाही."

"पण मलाच पटत नाही, सर."

"सौदा करता तेव्हा बैल तुमचा असतो का?"

मी जीप काढली आणि आम्ही डिंगोऱ्याला गेलो.

दादा अंगणात बाजेवर दुखरा गुडघा लांब करून बसले होते. मी बाजूला, सर पायरीवर. मी विषय काढताच दादा कडाडले, "न्हाई म्हंजे न्हाई! माझ्या भावाला परक्या पोरांम्होरं उघडा टाकू व्हय?"

"दादा, ती पोरं उद्याची डाक्टर. तुमचा गुडघा त्यांच्याच हातात जाणार."

"गुडघा गेला चुलीत!"

मीही चढलो. सरांनी पायरीवरून हात लांब करून माझं मनगट धरलं. मी झटकलं. मग दादांचाच आवाज उतरला. "माझ्या आदी त्यो गेला, तर मी खांदा कुठं द्यायचा, सांग की. आईला शब्द दिलाय, ह्याला सोडणार न्हाई म्हनून."

आता मला कळलं, म्हातारा कुठं अडलाय. व्यापारी माणसाला एवढं पुरतं. मी म्हणालो, "खांदा द्यायचा. घरापासून चावडीपर्यंत. तिथं गाडी."

"चावडी? चार पावलं न्हाई ती. नदीपतोर."

"लांब होतं, दादा. फाट्यापर्यंत."

"नदी."

"बरं, नदीच्या अलीकडचं वडाचं झाड."

"वडापाशी टेकवायचा. त्वांडात पानी घालायचं. सगळी भावकी हजर."

"कबूल."

इतक्यात पायरीवरून आवाज आला, "पण दादा, वेळ फार लागला तर शरीर..."

"सर!" मी ओरडलो. "मालानं मध्ये बोलायचं नाही!"

दादा आधी माझ्याकडे बघत राहिले, मग भावाकडे, आणि एकदम हसायला लागले. हसता हसता उपरण्यानं डोळे पुसले. "वडापतोर," म्हणाले. "आन् म्होरचा खांदा माझा."

सर मला जीपपर्यंत सोडायला आले. मी विचारलं, "तिथल्या पोरांना तुमचं नाव सांगतात का?"

"नाही. नाव नसतं."

मी भडकलो. हे आधी सांगायला नको? डिंगोऱ्याचे सर आहेत, कासरे बुडवतात, लोकांच्या पोरींना शिकवतात, हे त्या पोरांना कोण सांगणार? ते म्हणाले, "त्यांना नीट शिकता आलं म्हणजे झालं, पाहुणे." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला, कुठलंही हाड न चाचपता.

परवा फोनवर ते खोकले. मी लगेच म्हणालो, "दवाखान्यात जाऊन या."

"अहो, साधा खोकला आहे."

"साधा असला तरी जाऊन या. मी येऊ का गाडी घेऊन?"

बाजारात सौदा ठरला की मी त्याच दिवशी माल उचलायला लावतो, थांबणाऱ्याला चार शब्द सुनावतो. हा एवढा एकच सौदा मी माझ्या तोंडानं पक्का केला, आणि रोज मनातून म्हणतो, राहू द्या अजून, आम्हाला काही घाई नाही.