वाल सोलताना पाहिलेला सिनेमा

मोड आलेल्या वालांचा उग्र वास आला की कळंबोलीच्या घरातला तो रविवार आठवतो. मी कॉलेजात होते. टीव्हीवर जुना, ब्लॅक अँड व्हाइट नॉर्वेजियन सिनेमा लावला होता, नवराबायकोच्या बिनसलेल्या संसाराचा. आई परातीत वाल सोलत होती. तिला इंग्रजी येत नसे, म्हणून सबटायटल मी मराठीत सांगत होते. पडद्यावरची बाई नवऱ्याला म्हणाली, "मला तुझी भीती वाटते." तेवढ्यात जेवणाऱ्या बाबांनी मान वर केली आणि मी घाबरून सांगितलं, "ती म्हणते, जेवून घ्या." "जेवा म्हणताना बाईचे असे हात कापतात होय?" आई पडद्याकडे बघत म्हणाली. बाबांनी ताट सरकवलं. "बंद कर ते." मी टीव्ही बंद केला. नंतर स्वयंपाकघरात आईने हळूच विचारलं, "ती बाई शेवटी घर सोडून गेली का गं?" शेवट मला माहीत नव्हता. आईच उठून गेली तर माझं काय, एवढंच डोक्यात आलं. "नाही," मी म्हणाले, "राहिली." आईने मान हलवली आणि वाल धुवायला घेतले. आई त्याच घरात वारली, त्यानंतर मी तो सिनेमा पुरता पाहिला. ती बाई बर्फातून चालत निघून जाते, मागे वळूनही बघत नाही. आईने माझं ऐकलं होतं.