साध्या पाण्यातला कांदा

दीड महिना झाला. कामथडीहून शमीमच्या थोरल्या भावाचा, दस्तगीरदादांचा फोन आला, "शमीम गेली... सकाळी उठलीच न्हाई." मी रिसीव्हर धरून बसले, आणि खरं सांगते, दुःखाच्या आधी मला रागच आला. हातातलं भांडण अर्धवट टाकून असं कुणी जातं का?

शमीम आणि मी भोरच्या कॉलेजात एकदमच लागलो. ती वनस्पतिशास्त्र शिकवायची, मी इतिहास. नव्वदच्या दशकात तिने पीएच.डी. धरली. पिकावर फवारायच्या औषधांनी पेशींचं काय होतं, हे तिला पाहायचं होतं. बाटल्यांच्या तोंडावर कांदे बसवायचे, काहींत औषध मिसळलेलं पाणी, काहींत नुसतं घरच्या विहिरीचं. मुळांचे शेंडे खुडून, रंगवून, काचेखाली अंगठ्याने चेपायचे आणि गुणसूत्रं तुटली आहेत का ते सूक्ष्मदर्शकात बघायचं. साध्या पाण्यातली मुळं धड निघाली तरच तुलना करता येणार. तीच धड निघेनात. पुण्याच्या मार्गदर्शकांनी सांगितलं, पाणी बदला. तिने प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी वापरलं, मुळं सुधारली, पदवी मिळाली. पेढे वाटतानाही बाई धुमसत होती. "अगं, तो बिघडलेला कांदा हाच खरा निकाल होता. आमचं पिण्याचं पाणी ते. आणि प्रबंधात त्याची एक ओळ नाही."

दादा आणि शेजारपाजारचे फवारणीचे पंप त्याच विहिरीवर धूत. ते तिथे धुऊ नका, एवढंच तिचं मागणं होतं. दादा हसायचे. "कांद्याचं मानसाला लागू व्हतंय व्हय? आमी लहानपनापास्नं हेच पानी पितोय." ती म्हणायची, "माणसाला होईलच असं मी म्हणत नाही, दादा. पण पाण्यात काहीतरी आहे, एवढं तरी माना..." ग्रामसभेत सगळे माना डोलवत आणि दुसऱ्या दिवशी पालथ्या घड्यावर पाणी. गावाने तिला कांदेबाई करून टाकलं, आणि ती चिडते म्हणून आणखी चिडवलं. माझाही त्या वर्षांत फार संताप व्हायचा. अजून होतो.

तिच्या चाळिसाव्याला कामथडीच्या घरी गेले होते. माणसं पांगल्यावर तिच्या खोलीत डोकावले. खिडकीत तिचा पेला, त्यावर कांदा, मुळं आखूड आणि गाठाळ. पाणी तळाला गेलं होतं. "रोज बगायची," म्हणत दादांनी डोळे पुसले आणि तांब्या पुढे केला. "घाला थोडं, बाई. सुकंल."

खिडकीबाहेर विहिरीच्या कठड्यावर पंप पालथा घातला होता, ओला.

"कुठलं पाणी, दादा?"

"हिरीचंच की. दुसरं कुठलं असनार?"