खांद्यात सव्वा इंच

गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात शिलाईला बावीस बायका, पण कापायला एकटी तीच. कापडाचे चाळीस थर एकदम कापताना तिचा हात कधी हलला नाही, म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणत, अगदी मालकीणबाईसुद्धा. दारातून माणूस आत आला की टेप न लावता ती त्याची छाती-खांदा सांगायची आणि पैज लावणाऱ्यांची जिरवायची.

दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा शिडीवरून पडला. वायरमन माणूस, अख्खा जन्म शिडीवर गेलेला, आणि पडला तो जेमतेम आठ फुटांवरून! मार बसला तो नेमका मणक्याला. कमरेखालचं सगळं गेलं. हात शाबूत, डोकं शाबूत, जीभ तर विचारूच नका.

मास्तरणीने कामावरून रजा घेतली आणि पदर खोचला. लघवीची नळी घालायला शिकली, कूस बदलून द्यायला शिकली. कुठे लाल डाग पडलाय का म्हणून रोज सकाळी त्याची पाठ, कुल्ले, टाचा निरखायची. सगळ्यात जड काम म्हणजे त्याला खाटेवरून चाकांच्या खुर्चीत बसवणं. त्याच्या गुडघ्याला आपला गुडघा अडवायचा, कमरेचा पट्टा धरायचा, एक-दोन-तीन! दिवसातून सहा-आठ वेळा. तिच्या कमरेची पार वाट लागली, पण बाईने तोंडातून ब्र काढला नाही.

आठवड्यातून तीनदा धाकटा दीर त्याला फिजिओथेरपीला न्यायचा. घरी परतला की ती नवऱ्याला विचारायची, “खाट आणि खुर्चीमध्ये फळी टाकून एकट्याने सरकून बसायला जमतंय का हो?”

“कुठलं गं! फळी सटकते. तू आहेस म्हणून निभावतंय.”

ती विरघळायची.

इतके दिवस मालकीणबाईने बदली माणसावर काम रेटलं. शेवटी तिला बोलावून म्हणाली, “मास्तरीण, येणार असशील तर कापायचं टेबल तुझं. नाहीतर मी दुसरी कायमची घेते. सोमवारी सांग.”

मास्तरीण घरी येऊन नवऱ्याजवळ बसली. “दुपारी मी धावत येऊन जाईन. मधल्या वेळात तुम्हाला एकट्याने खुर्चीत बसता आलं, की माझी नोकरी टिकते. बघा ना.”

तो छताकडे बघत राहिला. “नाही जमत गं. खरंच नाही जमत.”

त्याचे डोळे भरलेले पाहून हिलाच अपराध्यासारखं झालं. सोमवारी ती जाऊन ‘नाही’ सांगून आली.

गुरुवारी फिजिओथेरपीला सोडून आल्यावर दिराला ताप भरला, म्हणून ती स्वतः नवऱ्याला आणायला गेली. हॉलच्या काचेतून तिला तो दिसला. एका नव्या पेशंटसमोर त्याने फळी मांडीखाली सरकवली, मुठी रोवल्या, अंग उचललं, आणि खाटेवरून खुर्चीत! काय ती सफाई! वर हसून म्हणतोय, “अहो, यात आहे काय!”

फिजिओबाई कौतुकाने तिच्याजवळ आली. “पाहिलंत ना? तीन महिने झाले, नव्यांना तेच शिकवतात. घरी आता तुम्हाला आरामच असेल.”

“हो, हो,” मास्तरीण म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

आणि तिला शर्ट आठवले. मध्यंतरी त्याचे शर्ट खांद्यात काचायला लागले, तेव्हा हिनेच शिवण उसवून खांदा सव्वा इंच वाढवून दिला होता. बसून बसून अंग सुटलंय, असं धरून चालली. अगं बये, बसून पोट सुटतं, खांदे कसे रुंदावतील? जगाची मापं घेतलीस आणि घरातलं माप चुकलीस!

तिने तिथूनच दिराला फोन लावला. तो चाचरला. “वहिनी... दादाच म्हणाला, सांगू नकोस.”

घरी पोचेपर्यंत ती खुर्ची ढकलत राहिली. खाटेजवळ आल्यावर त्याने सवयीने हात पसरले. “चल, एक-दोन—”

तिने फळी त्याच्या मांडीवर ठेवली. “लोकांना शिकवता ना? आज मलाही दाखवा.”

त्याचा चेहरा पडला. फळीवरून हात फिरवत म्हणाला, “तू गेली असतीस.”

“कामावर गेले असते! तुम्हाला सोडून नव्हते जात!”

“सकाळी आठला गेलीस की संध्याकाळपर्यंत मी आणि ही भिंत. तू उचलतेस तेवढा वेळ तरी जवळ असतेस...”

“म्हणून माझी कंबर मोडलीत? तोंडावर ‘नाही जमत’ म्हणालात, आणि मी वेडी, तुमच्यासाठी रडत रडत टेबल सोडून आले. केसाने गळा कापलात हो माझा!”

“उद्या जा, बोल त्यांच्याशी.”

“तिथे कालपासून दुसरी उभी आहे.”

ती बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. एक दिवस हा आपला आपण खुर्चीत बसेल, या आशेवर तिने दोन वर्षं काढली होती. तो दिवस येऊनही गेला, आणि हिच्याखेरीज सगळ्यांनी पाहिला.

मागून खुर्चीची चाकं वाजली आणि दाराशी थांबली. दाराला दोन बोटं उंचीचा उंबरठा होता.

“अगं, चाक अडलंय. जरा ढकल ना.”

ती हलली नाही.

“खरंच अडलंय गं!”

तिने वळून पाहिलं. उंबरठ्याला टेकलेलं चाक दिसत होतं, त्याचे ताणलेले दंड दिसत होते, कपाळावरचा घामही दिसत होता. खरं की खोटं, तिला ठरवता येईना. ती पायरीवर तशीच बसून राहिली.