कांद्याच्या काट्यावर ज्युडोवाली

शिरूरला एका आडत्याकडं मी कांद्याचा काटा करतो. शाळा जमली न्हाई, पण वजन ओरडायला नुसता गळा लागतो, आन् त्यो माझा म्हशीवानी हाय.

एका दुपारी एक पोरगी आली. उन्हाळ्यात अंगावर दोन स्वेटर.

"मामा, माझं वजन करा. परदेशात ज्युडो खेळायला चाललेय. बावन्न किलोच्या वर भरले तर घरी पाठवत्यात."

स्वेटर काढून ती काट्यावर उभी राहिली. मी सवयीनं ओरडलो, "एक्कावन्न."

तिनं वाकून बघितलं. "काटा तर त्रेपन्न दावतोय."

"दोन किलो कटती धरली. गोणीची आन् मातीची."

"मी कुठं गोणीत हाय, मामा?"

हमाल हसाया लागले. तिनं स्वेटर परत चढवले आन् भर उन्हात बाजाराला चकरा मारत सुटली. मी पाणी दिलं, तर नुसती चूळ भरून थुकली. शेवटी काटा बावन्नवर टेकला, तवा कुठं हसली.

दौंडची यष्टी लागली व्हती. पिशवी उचलून म्हणली, "आमच्या आबांचा कांदाबी तुमच्याच काट्यावर येतो."

त्यो आबा कोणता, ते मला अजून कळलं न्हाई. म्हणून तवापासनं सगळ्यांचंच वजन खरं सांगावं लागतंय.