हमरियाची गच्ची आणि चिनी बाबा

किस्से काही कुणी जमवत नाही. मस्कतमध्ये दोरीवरच्या कपड्यांवर बारीक धूळ बसते ना, तसे ते आपोआप बसतात आणि झटकायला गेलं की नाकात जातात. माझ्या अंगावर बसलेले बरेचसे माझ्या फजितीचेच. नव्वदचं दशक सरत आलं होतं. हमरियातल्या आमच्या तीन मजली बिल्डिंगच्या गच्चीवर आम्ही तीन म्हाताऱ्या रोज सकाळी हळू कसरत करायचो, तेव्हाचे हे. ऐकून लोक हसतात. हसू देत! लाज माझी जाते, त्यांचं काय?

*

सुरुवात झाली बाथरूममध्ये. मी पडले. सून धावत आली तेव्हा अंगावर धड कपडाही नव्हता. हाड मोडलं नाही, पण माझा मुलगा सुधीर गाला भागातल्या त्याच्या गॅरेजमधून सुट्टी टाकून आला आणि म्हणाला, "आई, आम्ही दोघं कामावर. आणखी एकदा पडलीस, तर मी तिकीट काढणार."

तिकीट म्हणजे गावाचं. दिराच्या घरी, जावेच्या हातच्या चहाची वाट बघत बसायचं! त्यापेक्षा हाड मोडलेलं परवडलं.

*

हमरियात जुन्या सामानाच्या दुकानात एक पुस्तक दिसलं. पांढऱ्या दाढीचा चिनी म्हातारा पानापानावर, पाण्यातून चालावं तसे सावकाश हातपाय हलवत होता. अक्षरं सगळी अरबी. मी शाळेची पायरी चढलेली नाही. मराठी वाचायला शिकले ते दुकानांच्या पाट्यांवरून, हिंदी बोलायला इथे येऊन.

दुकानदार म्हणाला, "अम्मा, अरबी पढ़ना आता है?"

मी म्हटलं, "बाबा को देखना है, पढ़ना नहीं!"

एकेक पान उलटत सगळं पाठ केलं आणि मग दोन शिष्या धरल्या. सुमतीबाईंचा क्लास सुरू!

*

पहिल्याच आठवड्यात आम्ही तिघी हात वर करून संथपणे डावीकडे वळतोय, तर शेजारच्या गच्चीवरून डिश अँटेना लावणारा माणूस ओरडला, "अम्मा! थोड़ा और घुमाओ! सिग्नल आया क्या?"

*

कर्णिकबाई पुण्याच्या रिटायर्ड मुख्याध्यापिका. त्यांना आधी 'यामागचं शास्त्र' हवं होतं. मी म्हटलं, "एका पायावर उभ्या राहा, शास्त्र आपसूक वर चढेल."

काही महिन्यांनी क्लिनिकमध्ये वजनकाट्यावर चढताना डॉक्टरनं त्यांना हात पुढे केला. बाईंनी तो झिडकारला, एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायातली चप्पल काढली, मग पाय बदलून दुसरी! ब्लडप्रेशरही उतरलेलं.

डॉक्टर म्हणाला, "मॅडम, कौन सी नई गोली शुरू की?"

बाई म्हणाल्या, "गोली का नाम सुमती!"

मग काय, मी जमिनीपासून वीतभर वरूनच चालायला लागले.

*

दुसरी शिष्या झुलेखाबी. दापोलीकडची, खाली तिच्या मुलाचं किराणा दुकान. गुडघे असे की नमाजसुद्धा खुर्चीवर. गच्चीवरही ती खुर्ची घेऊनच यायची आणि बसल्या बसल्या हात फिरवायची.

मी म्हटलं, "झुलेखाबी, एकदा तरी खाली बस."

"बसन. पन उठवायला क्रेन तू आनशील काय? आल्लानं मना खुर्ची माफ केलीय, तू कोन मोठी?"

मला राग आला. कर्णिकबाईंदेखत बोलले, "तांदळाची गोणी दुकानात ठेवतात, गच्चीवर नाही!"

ती हसली. कर्णिकबाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी झुलेखाबी आली, खुर्ची मात्र पार टाकीपाशी, लांब ठेवून बसली. तेवढी खुर्ची मला अजून दिसते.

*

एकदा गच्चीवर आली उम्म सालेम, आमच्या घरमालकाची आई. तिला हिंदी येत होती. कठड्यावर ठेवलेलं पुस्तक मी मोठ्या मानानं दाखवलं. तिनं ते हातात घेतलं, उलटं केलं, चाळलं, आमच्याकडे पाहिलं आणि ओढणी तोंडाला लावली.

"सुमती, अरबी किताब इधर से खुलता है! तुम लोग पहले खुदा हाफिज करता है, बाद में सलाम!"

म्हणजे इतके महिने आम्ही शेवटापासून सुरुवात करत होतो. चिनी बाबा निरोप घेत होता, आणि मी तिथून शिकवायला सुरुवात केलेली! कर्णिकबाई आभाळाकडे बघायला लागल्या. कुणीतरी मोठ्यानं हसलं असतं तर बरं झालं असतं.

दोन दिवस मी गच्चीवर गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी झुलेखाबी दारात. "चल गो. माजं गुडघं काय पान बघून बरं झालं?"

*

गेले. पण गुर्मी जाईना. म्हटलं, आता सगळं सरळ, उजवीकडून! शुक्रवारची, सुट्टीची सकाळ होती. मी पुढे उभी राहून नव्या क्रमानं वळले. डोकं उजवीकडे, सवयीचा पाय डावीकडे, आणि मी धाडकन खाली! कोपर खरचटलं, पदर सुटला, उठता येईना.

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. घरातलं पाणी गेलं होतं, सुधीर टाकी बघायला वर येत होता.

मी डोळे मिटून घेतले. तिकीट दिसायला लागलं.

टाकीपाशी खुर्ची करकरली. "या आल्ला," असं कण्हणं ऐकू आलं, आणि माझ्या शेजारी काहीतरी जड, सावकाश, अगदी सावकाश, जमिनीला टेकलं. डोळे उघडले तर झुलेखाबी उताणी! पलीकडे कर्णिकबाई चष्मा सांभाळत आडव्या होत होत्या.

सुधीर दारात थबकला. "आई? हे काय चाललंय?"

झुलेखाबी आभाळाकडे बघतच म्हणाली, "आजचा धडा."

"आणि उठायचं कधी?"

"उठायचं पान दुसऱ्या बाजूला हाय. तू जा, टाकी बघ!"