सरकीच्या तेलावरची लॉरी

तार आली तेव्हा मी अकोल्याच्या शाळेत मुलींना अपूर्णांक शिकवत होते. भाऊसाहेब गेले, लगेच या... एवढंच. भाऊसाहेब म्हणजे अमरावतीचे नामांकित वकील, माझा थोरला भाऊ. मी त्याला दादा म्हणे. तेरावा झाल्यावर वाचनालयात शोकसभा भरली आणि एका वक्त्याने त्याला 'यंत्रांचा धन्वंतरी' म्हटलं. माणूस गेला की त्याच्याविषयी खोटं बोलण्याचा परवाना मिळतो हे मला ठाऊक आहे, पण त्यालाही काही सीमा असावी. स्वतःच्या दारातली लॉरी थंडीत एकदाही सुरू करू न शकलेल्या या धन्वंतरीची बहीण पुढेच बसली होती. हसू दिसू नये म्हणून मी पदर तोंडाशी धरला आणि मागच्या बायका एकमेकींना म्हणाल्या, फार लागलं हो हिच्या मनाला.

ती लॉरी लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावातून आली होती. मागे उघडी पेटी असलेली, लहानशी, डिझेलवर चालणारी. डिझेल तेव्हा सहज मिळत नसे. पण दादाची एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, भागी होती आणि तिथल्या घाणीवर सरकीचं तेल हवं तेवढं. मग काय, टाकीत निम्मं डिझेल, निम्मं सरकीचं तेल. "वऱ्हाडची गाडी वऱ्हाडच्या तेलावर चालली पायजे," असं तो आमच्या राजापेठेत येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवी. उन्हाळाभर ती चाललीही, त्यामुळे त्याच्या अंगात आणखी वारं शिरलं.

मी तेव्हा त्याच्याकडेच राहत होते. नवरा गेल्यावर माहेरी आलेल्या बाईचं जिणं कसं असतं ते मी सांगायला नको. अकोल्याच्या मुलींच्या शाळेत शिक्षिकेची जागा निघाली आणि मला वाटलं, सुटले. मुलाखतीला मी बडनेऱ्याहून रेल्वेने जाणार होते. दादा म्हणाला, "रेल्वे कायले पायजे? घरची लॉरी असून बहीण रेल्वेनं गेली तर लोक काय म्हणतीन?"

मार्गशीर्षातली कडक थंडी होती. मी प्रमाणपत्रं मांडीवर घेऊन लॉरीत बसले आणि बसूनच राहिले. इंजिन घुरघुरे, खोकल्यासारखं करी आणि गप्प होई. मग राजापेठेतली सगळी शहाणी मंडळी गोळा झाली. समोरच्या डॉक्टरांनी बॅटरी उतरल्याचं निदान केलं. शेजारच्या मास्तरांना नळीत हवा अडकल्याचं दिसलं. जन्मभर बैलांच्या दमणीतून फिरलेल्या एका मालगुजारांनी तर प्लगची ठिणगी तपासायला सांगितली. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसतेच, तिथे तेल दाबानं पेटतं, हे त्यांना सांगणार कोण? दादाने शेवटी ड्रायव्हर गणपतची उलटतपासणी सुरू केली.

"काल चालू झाली होती का नाही? हो का नाही, तेवढंच सांग."

"झाली होती साहेब, पण तवा ऊन..."

"इचारलं तेवढंच बोल."

साक्षीदाराला वाक्य पुरं करू द्यायचं नाही ही त्याची कोर्टातली ख्याती. तीच त्याने दारात आणली आणि माझी नोकरी घालवली. ऊन चढलं, लॉरी आपोआप सुरू झाली. दादा बोनेट आपटून म्हणाला, "पाह्य, मीच दुरुस्त केली." अकोल्याला पोचेपर्यंत जागा दुसऱ्या बाईला मिळून गेली होती. परतीच्या वाटेवर मूर्तिजापूरपर्यंत तो मला बॅटऱ्यांबद्दल समजावत होता... मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

'पण तवा ऊन' हे तीन शब्द मात्र माझ्या डोक्यातून जाईनात. मी गणपतकडून टाकीतलं तेल बाटलीत काढून घेतलं आणि रात्रभर दादाच्या खोलीच्या खिडकीत ठेवलं. सकाळी तळाशी पांढरा थर. खोबरेल थिजतं तसं सरकीचं तेल थिजलं होतं. "हेच गाळणीत अडकते, दादा. ऊन लागलं की इरघळते." त्याने बाटली उजेडात धरून फिरवली. "एका बाटलीवरून काही सिद्ध होत नाही," म्हणाला आणि नवी बॅटरी आणायला गेला.

पुढच्या हिवाळ्यात त्याच शाळेत पुन्हा जागा निघाली. मी उजाडण्याआधी पिशवी घेऊन बाहेर पडले, तर दारात टांगा उभा. दादा पायरीवर. "लॉरी मले आज कामाले पायजे. तू रेल्वेनं जा." संध्याकाळी नोकरी घेऊन परत आले, तेव्हा लॉरी जागची हललेली नव्हती, वरची ताडपत्रीसुद्धा सकाळी होती तशीच. मला त्याची किळस आली. बहिणीपुढे फजिती नको म्हणून एवढं खोटं, असं मला वाटलं आणि त्याच मनाने मी ते घर सोडलं.

परवा निघताना वहिनीने मला त्याच्या खोलीत नेलं. खिडकीत ती बाटली होती.

"वन्सं, हे त्यायनं कोणाले फेकू देली नाही. थंडीत उठले का पयले इकडेच पाहेत. पांढरं दिसलं का लॉरीचं नाव काढत नसत. तुमी मुलाखतीले गेल्या त्या दिवशी हेच पाहून सोता टांगा आणाले गेले."

म्हणजे त्याला कळलं होतं. मला रडू आलं नाही, संताप आला. टांग्यासाठी पहाटे अड्ड्यापर्यंत चालत जाईल, पण 'चुकलं माझं' हे दोन शब्द बहिणीला म्हणणार नाही... असल्या माणसाचं काय करायचं? इतकी वर्षं कोर्टात दुसऱ्यांकडून कबुल्या काढल्या आणि स्वतःची एका बाटलीत बंद करून ठेवली. मी त्याला माफ केलेलं नाही. तो नाही म्हणून घास मात्र उतरत नाही.

बाटली मी अकोल्याला आणली आहे. आज सकाळी तळाशी पांढरं धरलं होतं. मी तिला म्हटलं, "म्हण आता, चुकलं." शाळा सुटल्यावर घरी आले, तर खिडकीत ऊन होतं आणि तेल नितळ. पाह्य, मीच दुरुस्त केलं, असं म्हणायला तो तेवढा हवा होता.